एका गोणीला किती हात

आजोबांकडून मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, तिथीवरून भरतीची वेळ काढायचा हिशोब. आणि दुसरी, लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही. हिशोब डोक्यात असल्यामुळे शाबूत राहिला. वही २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात भिजली. पाणी ओसरल्यावर कपाटातून काढली तेव्हा ती वही राहिली नव्हती, चिखलाची वीट झाली होती. बायको म्हणाली, टाका आता. मी ती पडवीत पंख्याखाली महिनाभर वाळवली. निम्मी पानं सुटली, आणि त्यातलीही निम्मीच वाचता येतात. पण जेवढी वाचता येतात त्यात मला जे सापडलं ते सांगायला हा लेख.

आजोबा दाभोळच्या खाडीत शिडाच्या मालवाहू मचव्यावर तांडेल होते. वडील लॉरीवर क्लीनर म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. मी एका वाहतूक कंपनीच्या चिपळूणच्या कचेरीत एकतीस वर्षं बिल्ट्या फाडल्या. तीन पिढ्यांत माल तोच राहिला, गोणी तीच, वाहन बदललं. म्हणून हल्ली कुणी ‘जलवाहतूक’ म्हणालं, ‘धूर न सोडणारी बार्ज’ म्हणालं, की माझे कान टवकारतात आणि पाठोपाठ शंकाही येते. धूर न सोडणारी मालवाहतूक आमच्या घराने केलेली आहे. ती का बंद पडली ते आमच्याच घरात लिहून ठेवलेलं आहे.

आधी तो हिशोब. अमावास्या किंवा पौर्णिमा, जी जवळची मागे गेली असेल तिथपासून तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याला पाणी भरतं. चतुर्थी, चार पाऊणे तीन. अष्टमी, आठ पाऊणे सहा. शाळेत पाऊणकी पाठ करताना आम्ही रडायचो; आजोबा म्हणायचे, “पाऊनकी येत नाय त्यानं मचव्यात बसू नये.” हा आकडा मुंबईच्या पाण्याचा. दाभोळच्या तोंडाशी भरती त्याच्या अगोदर होते, आणि खाडीत जसजसं आत यावं तसतशी ती उशिरा होत जाते. खाडीच्या डोक्यावर, चिपळूणजवळच्या गोवळकोटाला दाभोळच्या बरीच मागाहून. हा फरक कुठल्या पाढ्यात नाही, तो ज्याने त्याने आपापल्या धक्क्यावर उभं राहून शिकायचा.

त्या उशिरातच खरी गंमत आहे. भरतीची लाट आत सरकत असते आणि मचवा तिच्यासोबत सरकत असतो. धक्क्यावर उभ्या माणसाला सहा तास चढतं पाणी दिसतं, पण वर निघालेल्या मचव्याला सातवा तासही मिळतो, कारण तो जिथे पोचतो तिथे भरती अजून संपलेली नसते. उतरताना उलट. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी समोरून संपत येतं आणि वाटेत कुठे तरी नांगर टाकून बसावं लागतं. दुपारी खारा वारा समुद्राकडून खाडीत शिरतो, पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणजे दुपारची भरती धरून वर यायचं आणि पहाटेची सुकती धरून खाली जायचं. निसर्गाने जाण्यायेण्याची दोन्ही भाडी आधीच चुकती केल्यासारखी. दाभोळ ते गोवळकोट साधारण पंचेचाळीस किलोमीटर. वारा धरला तर एका भरतीत, नाही तर बहिरवली-करंबवण्याच्या आसपास थांबून दुसऱ्या भरतीत. वल्ही आणि बांबू असायचेच, पण ते वळणावर आणि शेवटच्या उथळ पाण्यात. “पानी आपला बैल हाय,” असं आजोबा म्हणत. “तो येल तवाच जुपायचा. हाकून येनारा बैल नव्हं तो.”

ही वाट आमच्या आजोबांनी शोधली नव्हती. दाभोळ हे बहामनी आणि पुढे आदिलशाही काळातलं मोठं बंदर. इतकं मोठं, की चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाचा सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या फ्रान्सिस्को द अल्मेदा या पोर्तुगीज व्हाइसरॉयने वाटेत, १५०८ च्या डिसेंबरअखेर, हे शहर जाळून बेचिराख केलं. दाभोळची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. जळालेलं शहर सांगायला सोपं असतं. मला मात्र दाभोळ मोठं का झालं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. समुद्रकिनारा तर सगळ्या कोकणाला आहे. दाभोळच्या पाठीमागे वाशिष्ठी नदी होती, आणि वाशिष्ठीचं भरतीचं पाणी सह्याद्रीच्या अगदी जवळ, थेट चिपळूणपर्यंत जात होतं. तिथून कुंभार्ली घाट चढला की पाटण, कऱ्हाड आणि पुढचा सगळा देश. घाट चढणाऱ्या पाठाळी बैलावर तीन-साडेतीन मण माल लादत. आमचा मचवा ऐंशी खंडीचा होता, म्हणजे आजच्या हिशोबात वीस टनांच्या आसपास. (खंडी गावागणिक आणि जिनसागणिक बदलते, तेव्हा हा आकडा कुणी न्यायालयात मांडू नये.) एका मचव्याचा माल घाटावर चढवायला दीडशे-पावणेदोनशे बैलांचा तांडा लागणार. लमाणांचे तांडे तेवढे असतही. पण जिथपर्यंत पाणी पोचतं तिथपर्यंत बैल कोण हाकील? खाडीच्या तोंडावर अंजनवेल आणि खाडीच्या डोक्यावर गोवळकोट, हे दोन किल्ले आपल्याच हाती असावेत म्हणून सिद्दी आणि मराठे झगडत राहिले, त्याचं कारण देवाधर्मापेक्षा या वाहत्या जकातीत अधिक आहे असं माझं मत. मत म्हणजे मतच. मी बिल्टी फाडणारा माणूस, जकात मला पटकन दिसते.

चिपळुणात नदीकाठी पेठमाप नावाची वस्ती आहे. नावात पेठ आहे आणि मापही आहे. मी त्यावर जास्त बोलत नाही.

आता वहीकडे. वहीत माल आहे, आणि माल वाचताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते: जड आणि स्वस्त. वर येताना मीठ, सुकी मासळी, नारळ, घासलेटचे डबे, लोखंडी सळया, कौलं. खाली जाताना गूळ, मिरची, जोंधळा, हळद, हिरडा, लाकूडफाटा, बांबू, कोळसा. घाईचं काहीच नाही. भाजी नाही, फूल नाही, ताजी मासळी तर नाहीच. मीठ एक दिवस उशिरा आलं म्हणून कुणाचं अडत नव्हतं. मचवा भरतीची वाट बघत बसला तर मीठही बसून राही.

कौलांबद्दल थोडं थांबायलाच हवं. आमच्या जुन्या घरावर मंगलोरी कौलं होती. घर पाडलं तेव्हा मी त्यातलं एक ठेवून घेतलं. उलटं केलं की त्यावर बासेल मिशनचा ठसा दिसतो. या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत पश्चिम किनाऱ्याची छपरं बदलून टाकली. एक कौल दोन-सव्वादोन किलोचं. साध्या घराला तीन हजार कौलं धरा, की सहा-सात टन झाले. म्हणजे आमच्या मचव्यात तीन घरांची छपरं मावत. ती मंगळुराहून फत्तेमारीने, म्हणजे समुद्रावरच्या मोठ्या शिडाच्या जहाजाने, दाभोळला येत, तिथे मचव्यात उतरत, आणि खाडीकाठच्या गावागावांत जात. कोकणातलं जुनं मंगलोरी छप्पर खाडीला धरून दिसतं, डोंगरात जावं तसं ते विरळ होत जातं आणि तिथे गवताचं नाही तर नळ्याच्या देशी कौलांचं छप्पर लागतं, हे मी स्वतः वडिलांच्या लॉरीत बसून लहानपणी पाहिलेलं आहे. कारण सोपं. कौल जड, स्वस्त आणि ठिसूळ. बैलगाडीच्या हादऱ्याने शंभरात पाच-दहा फुटायची. मचवा हादरत नाही. वहीत कौलांच्या खेपेसमोर ‘फूट’ म्हणून एक रकाना आहे आणि तो बहुतेक वेळा कोरा आहे.

आजोबा या कोऱ्या रकान्याचा अभिमान बाळगत. वडिलांनी पहिल्यांदा लॉरीतून कौलं आणली तेव्हा किती फुटली हे त्यांनी स्वतः खाली उतरून मोजलं होतं, आणि मग रात्री जेवताना काही न बोलता फक्त आकडा सांगितला होता. वडील त्यावर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण वहीत आणखी एक रकाना आहे, आणि तो कधीच कोरा नाही. हमाली. ही वही वाचायला घेईपर्यंत मलाही वाटत होतं की शिडाचा मचवा इंजिनापुढे हरला. सगळे तसंच म्हणतात. वेग, वेग, वेग. प्रत्यक्षात मचव्याच्या भाड्यात वाहण्याचा भाग नगण्य आहे. वारा फुकट, पाणी फुकट, पाच-सहा खलाश्यांचा वाटा ठरलेला. पैसा जातो तो माल चढवण्यात आणि उतरवण्यात.

कऱ्हाडहून मुंबईला निघालेल्या गुळाच्या एका ढेपेची वाट मी वहीवरून आणि आजोबांच्या सांगण्यावरून अशी जुळवली आहे. कऱ्हाडला गाडीत चढली. घाट उतरून चिपळूणच्या वखारीत उतरली. वखारीतून पुन्हा गाडीत, कारण गोवळकोटचा धक्का बाजारापासून दोन-अडीच किलोमीटर. धक्क्यावर उतरली. धक्क्यावरून फळीवरून मचव्यात. दाभोळला मचव्यातून फत्तेमारीत, नाही तर किनाऱ्यावरच्या वखारीत आणि मग फत्तेमारीत. मुंबईच्या बंदरावर उतरली. तिथून गाडीत, गाडीतून दुकानात. मी मोजलं, दहा वेळा ती ढेप माणसाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर गेली. प्रत्येक वेळी थोडी हमाली, प्रत्येक वेळी थोडी गळ, प्रत्येक वेळी एक नवा माणूस, जो म्हणू शकतो की माझ्याकडे आली तेव्हाच ती फुटलेली होती. सुकतीला तर आणखी कठीण. पाणी हटलं की धक्का आणि मचवा यांच्यात चिखल. त्या चिखलात गुडघाभर उतरून गोण्या काढाव्या लागत, आणि अशा दिवशी हमाली दीडपट. आजोबांच्या अक्षरात तिथे ‘चिखल’ एवढाच शब्द आहे आणि पुढे आकडा.

लॉरीत ती ढेप कऱ्हाडला चढते आणि मुंबईला उतरते. दोन वेळा. मचवा हरला तो इथे.

आगबोटीने मचव्याला धक्का लावला नव्हता, हे सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. कोळशावर चालणाऱ्या आगबोटी किनाऱ्याने जाऊ लागल्या, दाभोळला थांबू लागल्या. पण आगबोटीला खोल पाणी लागतं. ती बाहेर उभी राहायची आणि उतारू, त्यांच्या वळकट्या, त्यांच्या फणसाच्या पाट्या, सगळं पडावातून ने-आण व्हायचं. आगबोट जेवढी मोठी, तेवढी छोट्या होड्यांची गरज जास्त. दाभोळहून वर गोवळकोटला छोट्या लाँची चालत, त्या माणसं नेत. मीठ-कौलं मचव्यांकडेच राहिली. चाकरमान्यांच्या आठवणींत आगबोट आहे, १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ बुडालेली ‘रामदास’ आहे, साहित्यातही तीच आहे. मचव्याची आठवण काढणारं कुणी नाही, कारण त्यात माणसं बसत नव्हती. मिठाला आठवणी नसतात.

आणि मग पाऊस. हे विसरून चालणार नाही. आगोटीला, म्हणजे जूनच्या आधी, सगळ्या खाडीभर धांदल असायची. चार महिन्यांची बेगमी घराघरांत पोचवायची. मग मचवे ओढून वर काढायचे, त्यांवर झापांचं छप्पर करायचं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की डागडुजी सुरू: फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोकायचा, उंडीचं तेल पाजायचं, तळाला चुना आणि तेल थापायचं, नाही तर पाण्यातला किडा लाकूड पोखरतो. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा पाण्यात. वर्षातून चार-साडेचार महिने जे वाहन बंद असतं त्याच्या भरवशावर व्यापारी बारमाही दुकान चालवत नाही. लॉरीही पावसात अडकायची, घाटात दरड कोसळायची, पण दोन दिवसांनी निघायची. आजोबा हे मान्य करत नसत. ते म्हणत, “पावसात मानसानं घरी बसावं, मालानं बी बसावं.” सुंदर वाक्य आहे, पण त्यावर बाजार चालत नाही.

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षांत खाडी रिकामी झाली. रस्ते झाले, पूल झाले, पुलांखालून डोलकाठी जाईना. सरकारने शिडाच्या जहाजांना इंजिनं बसवायला कर्जं दिली; ज्यांनी घेतली ते मोठ्या समुद्रात मासेमारीकडे वळले. आमच्या आजोबांनी घेतलं नाही. वहीतली शेवटची वाचता येणारी नोंद कौलांची आहे, दोन हजारांची, आणि ‘फूट’ कोरा. मचवा पुढे काही वर्षं रेतीवर होता. खाडीच्या तळातून हातपाटीने रेती उपसायची, होडीत भरायची, काठाला टाकायची. वाशिष्ठीवरची शेवटची मोठी मालवाहतूक ती रेतीची. जी वाट मालासाठी होती तिचा तळच माल झाला.

याच सुमाराला नदीला एक विलक्षण गोष्ट झाली. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. पूर्वेला कृष्णेकडे निघालेलं पाणी धरणात अडवून, बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून, पोफळीला त्यावर वीज करतात आणि मग ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने या वळवण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पुढचे टप्पे धरून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चमध्ये दगड दाखवतात. वाशिष्ठीला मे महिन्यातही गोडं पाणी वाहत असतं, आणि ते देशावरचं असतं. आजोबा धक्क्यावर बसून म्हणायचे की आता जोंधळा येत नाही, नुसतं कऱ्हाडचं पाणी येतं. मला त्या वेळी हा विनोद कळत नव्हता.

पाणी वाढलं म्हणजे खोली वाढली असं नाही. डोंगर उघडे पडले, माती खाली आली, पात्रात बेटं तयार झाली. २०२१ च्या पुरानंतर शहराने गाळ काढा म्हणून आग्रह धरला आणि यंत्रं लावून गाळ निघू लागला. टेकाडंच्या टेकाडं काठावर पडलेली मी पाहिली. तो गाळ डंपरमधून गेला. नदीतला गाळ नदीतूनच होडीने का जात नाही असं मी एकाला विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे म्हातारा बघतात तसं बघितलं.

जलमार्गाची स्वप्नं बघणाऱ्यांनी मला नेहमी चुकीची जागा दाखवली आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात आमची दाभोळ खाडी-वाशिष्ठी अठ्ठाविसावी, लांबी ४५ किलोमीटर. कागदावर आजोबांची वाट राष्ट्रीय झाली. ते ऐकायला असते तर त्यांनी विचारलं असतं, माल कुठे उतरतो?

हाच प्रश्न घेऊन मी निवृत्तीनंतर दोन ठिकाणी जाऊन आलो. एक गोवा. मांडवी आणि झुआरी या नद्यांवरून लोहखनिजाने भरलेल्या बार्जेस मुरगावला जात. पणजीच्या पुलावर उभं राहिलं की पाण्याला जेमतेम टेकलेली, काठोकाठ तांबडी बार्ज खालून सरकताना दिसायची. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उठला की त्या कुंभारजुव्याच्या खाडीतून आतल्या आत झुआरीत जात. समुद्र बंद, वाट चालू. (आजोबांना ही सोय असती तर!) हे दशकानुदशकं चाललं, कारण खाणमालकाचा धक्का नदीवर होता, मुरगावला बोट उभी होती, आणि मधे खनिजाला माणसाचा हात लागत नव्हता, पट्टा आणि ग्रॅब. ते २०१२ मध्ये थांबलं तेव्हा नदीने नव्हे, खाणींवरच्या बंदीने थांबलं. ओसाड धक्क्याला बांधलेल्या गंजक्या बार्जेस मी पाहिल्या. पण त्या आमच्या मचव्यासारख्या लॉरीकडून हरलेल्या नव्हत्या. दुसरं ठिकाण धरमतर. अंबा नदीच्या खाडीतून कोळसा आणि खनिज डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या दारात बार्जने येतं. तेही का चालतं? कारखान्याचं दार खाडीवर आहे म्हणून.

या दोन्हींना डिझेल लागतं, धूर आहेच. पण इंजिन बदलणं हा त्यातला सोपा भाग. नेदरलँड्समध्ये २०२१ पासून ‘अल्फेनार’ नावाची मालवाहू बोट कंटेनरएवढ्या बॅटऱ्यांवर चालते. बिअरचे कंटेनर घेऊन आल्फेनहून मूरडाइकला जाते. बॅटरी संपली की ती उचलून दुसरी ठेवतात, आपल्याकडे टांग्याचे घोडे बदलत तसं. केरळात वैकमला २०१७ पासून सूर्यावर चालणारी प्रवासी बोट आहे, कोचीत २०२३ पासून विजेवरच्या बोटींची मेट्रो आहे. तेव्हा जमतं, यात शंका नाही. पाण्यावर वेग निम्मा केला तर लागणारी ताकद ढोबळमानाने आठव्या हिश्शावर येते. म्हणून ज्याला घाई नाही अशा जड मालाला बॅटरी परवडू शकते. लॉरीचं तसं नाही, घाट चढायला लागतं ते लागतंच. त्यात वाशिष्ठीला भरतीचा बैल फुकट. आणि वीज तर नदीच्या उगमाकडेच होते. पोफळीला ज्या पाण्याने वीज केली तेच पाणी गोवळकोटला बोटीच्या तळाखालून जाईल.

म्हणजे खाली पाणी, वर वीज, मधे माल. मग अडतं कुठे? आल्फेनला बोट लागते तिथे कंटेनर उचलणारी क्रेन आहे. तो डबा कारखान्यात एकदा बंद होतो आणि मूरडाइकपर्यंत आतल्या मालाला कुणी हात लावत नाही. गोवळकोटला धक्का आहे, त्याच्यापुढे सुकतीचा चिखल आहे, आणि धक्क्यापासून शहरात यायला माझ्या आजोबांच्या वेळचाच रस्ता, फक्त डांबरी. त्या वेळची हमाली आणि आजची वाराई यांत फक्त नाव बदललं. आणि आमच्या कचेरीत बसून मी जे एकतीस वर्षं केलं, म्हणजे माल घेतल्याची एक बिल्टी देऊन तो मुक्कामी पोचेपर्यंत तक्रार माझ्या टेबलावर येईल असं करणं, ते खाडीत कधीच कुणी केलं नाही. मचव्याचा तांडेल, वखारवाला, फत्तेमारीचा नाखवा, मुंबईचा दलाल: चार माणसं, चार कबुल्या. लॉरीने व्यापाऱ्याला वेग विकला असं समजू नका. तिने भांडायला एकच माणूस दिला.

मागच्या हिवाळ्यात दोन तरुण मुलं गोवळकोटच्या धक्क्यावर आली होती. पात्राची खोली मोजायची होती. सोबत एक छोटी होडी, खोली मोजणारं यंत्र, छत्री, आणि मोबाइलवर भरतीची वेळ. मी सकाळच्या फेरीला तिथे होतो. पोरं हुशार होती, नम्रही होती. मला म्हणाली, “काका, दोन वाजता पाणी पूर्ण भरेल, मग निघू.”

मी म्हटलं, “ती वेळ दाभोळची असेल.”

“हो, जवळचं ठिकाण तेच दाखवतंय.”

त्या दिवशी संकष्टी होती. चार पाऊणे तीन, हे मुंबईचं. इथे आणखी तासभर. मी म्हटलं, “चार वाजतील. तोवर जेवून घ्या.” ती जेवली नाहीत, दोन वाजता होडी ढकलायला गेली आणि चिखलात बसली. मग धक्क्याच्या पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसली. मी त्यांना वही दाखवायला घरून घेऊन आलो. एकाने ‘फूट’चा रकाना विचारला, दुसऱ्याने हमालीचा. मी विचारलं, “खोली मोजून झाली, बोट आली, तर माल उतरवणार कुठे?”

मोठा होता तो म्हणाला, “ते आमच्या कामात नाही, काका. आमचं फक्त पात्र.”

पाणी चारला पाच कमी असताना भरलं. त्यांनी मोजमाप केलं, अंधार पडायच्या आत परत आली. तोपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं, होडी पायरीपर्यंत येईना. सामानाच्या सहा पेट्या होत्या. एक जण होडीत उभा राहिला, एक चिखलात उतरला, गाडीचा ड्रायव्हर पायरीवर आला आणि मी वर उभा राहिलो. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून गाडीत. सहाव्या पेटीला चिखल लागला होता, म्हणून ती धुवायला पुन्हा खाली गेली.